खावटी आणि खातेवही



अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपली वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. उपदेश खराच आहे. परंतु मंदी येते तेव्हा पाय तेवढेच राहतात आणि अंथरूणच आखूड होते. अशा वेळी माणसाने काय करावे, पैसा कसा राखावा आणि कोठे गुंतवावा, हे सांगणारे लोक आज गल्लोगल्ली भेटतात. मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. इतिहास आणि गणित शिकविणारा एक शिक्षक आहे. म्हणून हा प्रश्न मी आपल्याच डहाणू-तलासरीच्या इतिहासाला विचारून पाहिला. त्याने दिलेले उत्तर आपणापुढे ठेवीत आहे.

मोठी मंदी आणि आपला मुलूख

ऑक्टोबर 1929 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. तेथून निघालेली लाट सातासमुद्रांपलीकडील हिंदुस्थानच्या खेड्यांपर्यंत येऊन पोहोचली. 1928 ते 1934 या काळात आपल्या देशात गव्हाचा भाव निम्म्याने उतरला, देशाची आयात-निर्यातही जवळजवळ निम्म्यावर आली. भाताचीही तीच गत झाली. शेतसारा मात्र सरकारने त्या प्रमाणात कमी केला नाही.

येथे एक साधे गणित लक्षात घेतले पाहिजे. कर्ज रुपयांत असते आणि ते फेडायचे असते पिकातून. पिकाचा भाव निम्मा झाला की तेच पन्नास रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी दुप्पट भात द्यावे लागते. चोपडीतला आकडा तसाच राहतो, परंतु कर्ज दुप्पट झालेले असते. मंदीचे खरे विष हे आहे.

सप्टेंबर 1931 मध्ये इंग्लंडने सुवर्णचलन सोडले. रुपया पौंडाला बांधलेला असल्याने सोन्याचा भाव रुपयांत चढू लागला. तोळ्याला एकवीस-बावीस रुपयांच्या आसपास असलेले सोने पुढील काही वर्षांत तीस रुपयांच्या वर गेले. म्हणजे सोने बाळगणाऱ्याचा फायदा झाला, असे कोणी म्हणेल. पण झाले ते उलटेच. सारा आणि कर्ज भागविण्यासाठी देशभरच्या शेतकऱ्यांनी बायकांच्या अंगावरचे दागिने मोडले आणि ते सोने जहाजे भरभरून परदेशी गेले. ज्याला थांबता येत होते त्याला चढत्या भावाचा लाभ मिळाला. ज्याला विकावेच लागले त्याला मिळाले नाही. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

एक मणाचा दीड मण

आपल्या भागातील वारली आणि इतर आदिवासी बांधवांकडे तर मोडायला सोनेही नव्हते. त्यांच्या जमिनी मंदीच्या पुष्कळ आधीच जमीनदार-सावकारांच्या हाती गेल्या होत्या. पावसाळा आला की घरातले धान्य संपे. मग आषाढात सावकाराकडून पोटापुरते धान्य उसने आणावयाचे, त्याला खावटी म्हणत. पीक निघाले की एक मणाचा दीड मण परत करावयाचा. तो फिटला नाही तर बाकी पुढच्या वर्षावर चढे. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण तर ते फिटेपर्यंत सावकाराच्या घरी बायकोसह राबे. त्याला 'लग्नगडी' हे नाव पडले होते. हे गडीपण कित्येकांच्या आयुष्यभर संपत नसे. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी सिमिंग्टन यांचा 1939 चा अहवाल आणि गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक (1970) या दोहोंत आदिवासींच्या या पिळवणुकीचे दर्शन घडते.

या सावकार-जमीनदारांत सर्व जातिधर्मांचे लोक होते आणि त्यात मुसलमानही होते. आपल्या स्मरणिकेत हे लिहिणे मला आवश्यक वाटते. ज्या धर्माने सूद हराम ठरविला त्या धर्माचे नाव सांगणाऱ्यांपैकी काहींचे हात या व्यवहारात गुंतले होते, ही शरमेची गोष्ट झाकून ठेवण्यात काही मोठेपणा नाही.

सांगावयाचा मुद्दा असा की, हे सर्व केवळ दंडुक्याच्या जोरावर चालले नव्हते. ते चोपडीच्या जोरावरही चालले होते. किती नेले, किती दिले, किती उरले, हे सावकार लिही आणि आदिवासी अंगठा उठवी. लिहिणारा एक आणि ज्याच्यावर लिहिले जाते तो दुसरा, असे झाले की हिशेब हा हिशेब राहत नाही, ती बेडी होते.

ती बेडी तोडण्याचा दिवस उजाडला 23 मे 1945 रोजी. तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील आणि आजच्या तलासरी तालुक्यातील झरी या गावी पाच हजारांहून अधिक वारली जमले आणि वेठबिगार व लग्नगडी पद्धत यापुढे चालणार नाही असे त्यांनी ठरविले. पुढे पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मिळावी म्हणून त्यांनी संप केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. विशेष म्हणजे याच 1945 साली ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांना सोबत घेऊन बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेच पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. एकाच वर्षी एका गावात बेडी तुटली आणि दुसऱ्या गावात पाटी-पेन्सिल हाती आली. ही दोन कामे मला वेगळी वाटत नाहीत.

सातवीच्या वर्गातील एक उदाहरण

हे झाले जुने. आता अलीकडचे पाहू. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न पहिल्या अंदाजानुसार सुमारे 24 टक्क्यांनी घटले. आपल्याकडे त्याचा अर्थ काय झाला हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. डहाणू-घोलवडचा चिकू चार-सहा दिवसांपलीकडे टिकत नाही, आणि बाजार तर बंद. लग्ने आणि वाढदिवसच नाहीत, तेव्हा डहाणूच्या फुग्यांना गिऱ्हाईक कोठून येणार? गुजरातच्या बंदरांवर मासेमारी नौकांवर गेलेले आपले खलाशी तिकडेच अडकून पडले.

त्यानंतर शाळा पुन्हा भरू लागल्यावरची गोष्ट. सातवीला सरळव्याज शिकवीत होतो. मुद्दल, दर, मुदत ही नावे सांगून झाली आणि मुलांना स्वतःच्या मनाने एक उदाहरण तयार करण्यास सांगितले. एका मुलाने लिहिले: मुद्दल 20,000 रुपये, दरमहा व्याज 2,000 रुपये, मुदत 14 महिने. त्याचे उत्तर आले व्याज 28,000 रुपये आणि दर शेकडा 120. वही पुढे करून तो म्हणाला, "सर, माझं कायतरी चुकलंय. व्याज मुद्दलापेक्षा जास्त आलं."

त्याचे काहीच चुकले नव्हते. उदाहरण त्याच्या घरचे होते. त्याचे वडील टेंपो चालवीत. टाळेबंदीत टेंपो उभा राहिला, घरात दुखणे निघाले आणि त्यांनी शेकडा दहाने पैसे उचलले. कोऱ्या कागदावर सही दिली होती. 28,000 रुपये देऊन झाले होते आणि 20,000 रुपये मुद्दल जसेच्या तसे उभे होते. वडिलांनी कधी बेरीज केली नव्हती. दरमहा दोन हजार द्यायचे, एवढेच त्यांना ठाऊक होते.

त्या रात्री मी खावटीचे गणित मांडले. आषाढात एक मण, कार्तिकात दीड मण. पाच महिन्यांत पन्नास टक्के, म्हणजे महिन्याला दहा. शेकडा दहा! आजोबांच्या काळचा दर आणि नातवाच्या काळचा दर एकच निघाला. मधे स्वराज्य आले, 1969 साली 14 मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, 2014 पासून जनधन खाती उघडली. दर मात्र कोठे कोठे तोच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या वडिलांना शाळेत बोलावून घेतले. परवान्याशिवाय सावकारी करणे आणि कोऱ्या कागदावर सही घेणे हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे गुन्हा आहे आणि तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते, एवढे मी त्यांना सांगू शकलो. ते बराच वेळ मुलाच्या वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, हे मी चौदा महिन्यांपूर्वी मांडायला पाहिजे होतं."

तीन पायऱ्या

वाचकहो, माझा निष्कर्ष असा की मंदीत शिकण्याची पहिली गोष्ट गुंतवणूक ही नव्हे. पहिली गोष्ट आपली खातेवही आपल्या हातात असणे ही होय. कुरआन शरीफमधील सर्वांत दीर्घ आयत सूरह बकरहमधील 282 वी आहे. ती कोणत्या विषयावर आहे? कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्यावर, साक्षीदार घेण्यावर, आणि लहान असो की मोठा, व्यवहार लिहिण्याचा कंटाळा न करण्यावर. आपण ही आयत पठण करतो आणि उसनवारी मात्र तोंडी करतो!

दुसरी पायरी म्हणजे आपली खावटी आपल्या घरात असणे. हजरत युसूफ (अलैहिस्सलाम) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य राखून ठेवण्याचा सल्ला दिला, म्हणून दुष्काळाची सात वर्षे मिसर देश तरला. आपल्या घराला निदान चार-सहा महिने पुरेल एवढी रक्कम, हात घालता येईल अशा ठिकाणी, थोडी थोडी साठवावी. पोस्टाची बचत बँक 1882 पासून आपल्या देशात आहे. बँकेतील ठेवीला विम्याचे संरक्षण 1962 पासून मिळू लागले. तेव्हा ते 1,500 रुपयांपुरते होते, फेब्रुवारी 2020 पासून ते एका बँकेत एका ठेवीदारास 5 लाख रुपयांपर्यंत आहे. मिळणाऱ्या व्याजाचे काय करावे हा मसला ज्याने त्याने उलेमांना विचारून सोडवावा. परंतु व्याज नको म्हणून बचतच नको, असे मात्र कोणी समजू नये. सरकारलाही खावटीचे मोल कळले आहे. 1978 पासून आदिवासींसाठी खावटी कर्जाची योजना होती. टाळेबंदीच्या वर्षी तिला अनुदानाचे रूप देऊन कुटुंबास 4,000 रुपयांची मदत, निम्मी रोख व निम्मी वस्तूरूपाने, मंजूर झाली. पण मदत येईपर्यंतचे दिवस ज्याचे त्यालाच काढावे लागतात.

आणि तिसरी पायरी गुंतवणुकीची. तीही वर्ज्य नाही. मार्च 2020 मध्ये देशात शेअर ठेवण्याची सुमारे 4 कोटी खाती होती, दोन वर्षांत ती 9 कोटींच्या घरात गेली. मंदीतच लोक हे शिकले. 23 मार्च 2020 या एका दिवसात मुंबईचा निर्देशांक 13 टक्क्यांनी कोसळून 26 हजारांखाली आला आणि जानेवारी 2021 मध्ये त्याने 50 हजारांची रेषा ओलांडली. आता 1931 चे सोने आठवा. ज्याच्या घरात वेगळी खावटी होती तो थांबला आणि तरला. ज्याला मार्चमध्येच घरभाड्यासाठी विकावे लागले तो बुडाला. शेअर तोच, निर्देशांक तोच. फरक होता फक्त थांबण्याच्या ताकदीचा. आणि थांबूनही प्रत्येक वेळी तरतोच असे नाही, म्हणून जे पैसे अनेक वर्षे लागणार नाहीत तेवढेच तेथे घालावेत. जो कोणी थोड्या महिन्यांत दामदुप्पट देतो म्हणेल आणि पावती देण्यास कां-कूं करील, त्याच्या दारातून सलाम करून परत फिरावे.

संस्थेला एक विनंती

आपल्या संस्थेच्या शाळांत पाचवीपासून प्रत्येक मुला-मुलीने घरखर्चाची एक वही ठेवावी, वर्षातून एकदा त्यांना पोस्टात नेऊन पैसे भरण्याची चिठ्ठी स्वतः लिहावयास लावावी, आणि सरळव्याजाचे उदाहरण पुस्तकातल्या काल्पनिक माणसाऐवजी बाजारातील खऱ्या दराने घालावे. यास खर्च एका वहीचा आहे. तसेच ज्यांना अल्लाहने दिले आहे त्यांनी मोहल्ल्यात कर्जे हसनाची, म्हणजे बिनव्याजी कर्जाची, छोटी पेढी चालवावी. त्यात पावती द्यावी, हिशेब दर्शनी भागात लावावा, आणि अडलेल्यास सवड द्यावी. ज्यांच्या पूर्वजांनी एक मणाचा दीड मण घेतला, त्यांच्यावर तर हे जुने देणेच आहे.

झरीच्या सभेस गेलेल्या वारल्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, तरी त्यांनी चोपडीची सत्ता नाकारली. आपल्या मुलांना तर अक्षरे येतात. आता त्यांच्या हातची वही घरात वाचली गेली पाहिजे. अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो, कर्जाच्या ओझ्यापासून आपणा सर्वांचे रक्षण करो, आणि मुलाने मांडलेले गणित वेळेवर पाहण्याची बुद्धी आपणास देवो. आमीन.