गुंतवणूक सल्लागार खरा कसा ओळखायचा?

पंचवटीत दिंडोरी रोडला एखाद्या पाटीवर ‘गुंतवणूक सल्लागार’ लिहिलेलं असो, की रीलमधला कोणी स्वतःला तसं म्हणवत असो, पहिला प्रश्न एकच: सेबीचा नोंदणी क्रमांक काय? फी घेऊन शेअर, म्युच्युअल फंड यांबद्दल सल्ला देणाऱ्यांसाठी 2013 पासून सेबीची वेगळी नियमावली आहे. नोंदणी झालेल्याचा क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो.

त्यासाठी पदवी लागते, शिवाय सेबीने स्थापन केलेल्या ‘एनआयएसएम’च्या दोन परीक्षा, एक्स-ए आणि एक्स-बी. अनुभवाची अट मात्र डिसेंबर 2024 च्या दुरुस्तीत काढून टाकली. म्हणजे क्रमांक आहे म्हणून माणूस मुरलेला आहेच असं नाही. किती वर्षं हे काम करता, ते वेगळं विचारा.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ‘एआरएन’मुळे. हा क्रमांक ॲम्फी देते आणि तो म्युच्युअल फंड वितरकाचा असतो. वितरकाला कमिशन फंड कंपनी देते, आणि ते शेवटी तुमच्याच गुंतवणुकीच्या खर्चातून जातं. यात गैर काही नाही. कितीतरी घरांतली पहिली एसआयपी वितरकानेच सुरू करून दिलेली असते. फक्त त्याची कमाई कुठून होते हे आपल्याला माहीत हवं. 2020 पासून वितरकाला ‘स्वतंत्र वित्तीय सल्लागार’ असं बिरुद लावायला मनाई आहे. सीएफपी हे प्रमाणपत्रही अभ्यासाचं आहे, सेबीच्या नोंदणीची जागा ते घेत नाही.

नाशिककरांनी याची किंमत मोजली आहे. केबीसी मल्टिट्रेड या इथल्या कंपनीचं प्रकरण 2014 मध्ये फुटलं. आमिष होतं तीन वर्षांत तिप्पट पैशांचं. कंपनीचा प्रमुख सिंगापूरला गेला आणि 2016 मध्ये मुंबई विमानतळावर पकडला गेला. नोंदणीकृत सल्लागाराला परताव्याची हमी देताच येत नाही, त्यामुळे ‘तिप्पट’ शब्द ऐकला की तिथूनच उठायचं.

पडताळणीला पाच मिनिटं लागतात. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत मध्यस्थांची यादी आहे. तिथे क्रमांकासोबत नाव आणि पत्ताही जुळवा, कारण दुसऱ्याचा क्रमांक चिकटवणारेही भेटतात. मग लेखी करार मागा. सल्लागाराला द्यायची ती फक्त फी. गुंतवणुकीची रक्कम त्याच्या खात्यात कधीच भरायची नाही. नोंदणीकृत सल्लागाराविरुद्ध सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर तक्रार करता येते. नोंदणीच नसलेल्याने फसवलं, तर मात्र पोलीस ठाणं गाठावं लागतं.