मोशर, लोरी आणि झूल

एचटीएमएल, एक्सएमएल, झॅमल. या नावांच्या शेवटचं ‘एमएल’ म्हणजे ‘मार्कअप लँग्वेज’, एवढंच मला ठाऊक होतं. मग चार्ल्स गोल्डफार्ब यांच्या आठवणी हाती लागल्या. १९६९ साली आयबीएममध्ये गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी वकिली कागदपत्रांसाठी मजकुरावर खुणा करण्याची एक पद्धत बसवली. १९७१ मध्ये तिचं नाव ठेवलं ‘जीएमएल’. जी गोल्डफार्बचा, एम मोशरचा, एल लोरीचा! माल बाजारात आला की मूळ संशोधक विसरले जातात, म्हणून पुरावा नावातच पुरून ठेवला, असं गोल्डफार्ब स्वतः सांगतात.

यावर एक आक्षेप येतो. हस्तलिखिताच्या समासात टाइपाच्या खुणा करायला इंग्रजी छापखान्यांत आधीपासूनच ‘मार्कअप’ म्हणत. आद्याक्षरं योगायोगानं जुळली असतील. मला हे पटत नाही. शब्द जुना खरा, पण त्याला प्रतिस्पर्धीही होता. १९६७ मध्ये विल्यम टनिक्लिफ यांनी हीच कल्पना मांडली ती ‘जेनेरिक कोडिंग’ म्हणून. मोशरचा ‘एम’ पदरी नसता तर ‘कोडिंग’च रुजलं असतं आणि आज आपण एचटीसीएल म्हणत असतो, असं माझं ठाम मत आहे.

पुढचं सर्वश्रुत आहे: १९८६ मध्ये एसजीएमएल प्रमाणित झाली, १९९८ मध्ये एक्सएमएल आली. एक्सएमएलसाठी ‘मॅग्मा’ आणि ‘स्लिम’ ही नावंही चर्चेत होती. ती मागे पडली आणि मोशर-लोरी टिकले.

खरा पेच पडला तो पडद्यावरची बटणं, याद्या, चौकटी मांडणाऱ्या भाषांपाशी. या कुळाला एक सामायिक लघुनाम हवं होतं. ‘यूआयएमएल’ (‘यूआय’ म्हणजे ‘यूजर इंटरफेस’) अगदी चपखल, पण ते एकाच भाषेचं विशेषनाम होऊन बसलं. आखूड करून ‘यूएमएल’ म्हणावं, तर ते आराखडे काढणाऱ्यांनी घेतलेलं. तिथला एम ‘मॉडेलिंग’चा. मग ज्यानं त्यानं आपापलं अक्षर घुसवलं. मायक्रोसॉफ्टच्या झॅमलमधला, म्हणजे एक्सएएमएलमधला ‘ए’ आधी ‘ॲव्हलॉन’ या त्यांच्याच प्रकल्पाचा होता, नंतर तो ‘ॲप्लिकेशन’चा झाला. मॅक्रोमीडियाच्या एमएक्सएमएलमधला पहिला ‘एम’ कंपनीचाच असणार, दुसरा काही अर्थ मला दिसत नाही.

मोझिलानं मात्र आपल्या भाषेला एक्सयूएल म्हटलं आणि उच्चार ठरवला ‘झूल’. १९८४ च्या ‘घोस्टबस्टर्स’मधल्या पिशाच्चावरून. तिच्या नेमस्पेसच्या पत्त्यात त्याच चित्रपटातले किल्लीवाला आणि द्वारपालही आहेत. मराठी कानाला पोळ्याच्या बैलावरची झूल आठवते, आणि वापरणाऱ्याला दिसणाऱ्या बाह्यांगाला ते नाव शोभतंही. या नावात पहिलं अक्षर आख्ख्या एक्सएमएलचं, त्यामुळे मोशर त्याच्या पोटात गेले. लोरी तेवढे शेवटी उघड उभे आहेत.