शॉकची गोष्ट : रोमपासून ठाण्यापर्यंत

 

समजा, रात्री गावाहून भावाचा फोन आला. "आईने तीन आठवडे धड खाल्लं नाही. कोणाशी बोलत नाही. डॉक्टर शॉक द्यायचा म्हणतायत. काय करू?" समुद्रापलीकडून तुम्ही काय सांगाल?

'शॉक' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला किंचाळणारा रुग्ण उभा राहतो. "याला ठाण्याला पाठवा", "येरवड्यात जागा आहे का बघा" अशी थट्टा तर आपण शाळेत असल्यापासून ऐकली. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, पण तिथे आत काय चालतं हे आपल्याला कधी कुणी सांगितलं नाही. म्हणून आज ही गोष्ट पहिल्यापासून सांगतो.

सुरुवात विजेने झाली नाही, कापराने झाली. १९३४ साली बुडापेस्टच्या मेदुना या डॉक्टरांना वाटत होतं की फेफरं आणि स्किझोफ्रेनिया एकाच माणसात नांदत नाहीत. म्हणून त्यांनी कापराचं इंजेक्शन देऊन मुद्दाम फेफरं आणलं. कल्पना चुकीची होती, पण काही रुग्ण खरोखर सुधारले. पुढे त्यांनी कार्डियाझोल हे औषध वापरलं. ते टोचल्यापासून झटका येईपर्यंतचे क्षण रुग्णांना इतके भयानक वाटत की पुन्हा सुई घ्यायला ते तयार नसत.

एप्रिल १९३८मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी विजेने तेच केलं. पहिला रुग्ण रेल्वे स्टेशनवर भटकताना पोलिसांना सापडला होता. तो असंबद्ध बडबडत होता. पहिला झटका कमी पडला. डॉक्टर पुन्हा द्यायचा विचार करत होते, तेवढ्यात तो माणूस स्पष्ट शब्दांत म्हणाला, पुन्हा नको. हे खुद्द चेर्लेत्तींनीच नंतर लिहून ठेवलं. तरीही त्यांनी झटका दिला. काही आठवड्यांत तो सुधारून घरी गेला. पुढे मात्र लक्षणं परतल्याचं त्याच्या बायकोने कळवलं.

मंडळी, या उपचाराचा पुढचा सगळा इतिहास त्या एका माणसात आहे. गुण आला, तो टिकला नाही, आणि त्याला कोणी विचारलं नाही.

पुढच्या दहा वर्षांत हा उपचार जगभर गेला. ज्यांनी अन्न सोडलं होतं, ज्यांच्या मनात सतत मरणाचेच विचार होते, असे तीव्र नैराश्याचे रुग्ण उठून बसले. तेव्हा नैराश्यावर आजच्यासारख्या गोळ्याही नव्हत्या. स्किझोफ्रेनियात मात्र गुण कमी काळ टिकला. आणि किंमतही मोजावी लागली. भूल नसल्याने झटक्यात पाठीचे मणके मोडत, आठवणी पुसल्या जात. काही ठिकाणी तर त्रास देणाऱ्या रुग्णाला गप्प करायला शॉक वापरला गेला. १९५०नंतर भूल आणि स्नायू सैल करणारं औषध आलं, तेव्हा हाडं मोडायची थांबली.

आपल्याकडे? १९४६च्या भोर समितीच्या अहवालानुसार अख्ख्या हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा होत्या. भूलतज्ज्ञ तर त्याहून दुर्मीळ. म्हणून बिनभुलीचा, 'डायरेक्ट' शॉक आपल्याकडे २००० सालानंतरही चालू राहिला. पुण्याच्या बापू ट्रस्टसारख्या संस्थांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. अखेर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बिनभुलीच्या शॉकवर बंदी घातली. अल्पवयीन मुलांना तो द्यायचा तर पालकांची संमती आणि मंडळाची आधी परवानगी लागते. इथे अमिरातीतही १९८१च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ साली नवा कायदा आला.

बंदी शॉकवर नाही, बिनभुलीच्या शॉकवर आहे, हे लक्षात घ्या. तीव्र नैराश्यात हा उपचार आजही जीव वाचवतो. पण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, शॉकने बरे झाल्यावर ज्यांना खरं औषध दिलं नाही, त्यांच्यातल्या ८४ टक्के लोकांचा आजार सहा महिन्यांत उलटला. रोमच्या त्या माणसाचं जे झालं तेच.

तर भावाला काय सांगाल? घाईने 'हो' नको आणि भीतीने 'नाही'ही नको. डॉक्टरांना विचारायला सांगा : भूल कोण देणार? आठवणींवर काय परिणाम होईल? शॉकनंतर कोणती औषधं, किती दिवस? आणि सर्वांत आधी, आई समजू शकत असेल तर तिला विचारलंत का?

रोममधल्या त्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं. आपल्या आईला विचारू या.

काळजी घ्या, मंडळी. पुन्हा भेटू.