मेणबत्ती, भिंग आणि फाळक्यांची भिंत

आजचा धागा एका मेणबत्तीविषयी आहे. थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

भारतीय चित्रपटाचा इतिहास आपण बहुधा कॅमेऱ्यापासून सांगू लागतो. दादासाहेब फाळके १९१२ च्या आरंभी लंडनला गेले, विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी करून परतले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' झळकला. या कथनात चूक काही नाही. मात्र लंडनला जाण्यापूर्वीचे काही महिने त्यात एका वाक्यात उरकले जातात. माझ्या मते फाळक्यांचे खरे शिक्षण त्याच महिन्यांत झाले, आणि तेही घरातील एका भिंतीसमोर.

१९११ साल. फाळके चाळिशी ओलांडलेले गृहस्थ. ज्या छापखान्याच्या धंद्यात नाव कमावले, तो भागीदारांशी बिनसल्यामुळे सोडलेला. पुढे काय करायचे हे अनिश्चित. ईस्टरच्या सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. तो पाहताना आपल्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण कसे उभे राहिले, हे त्यांनी स्वतःच 'नवयुग' मासिकातील १९१७-१८ च्या लेखांत सांगितले आहे. हा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. त्यानंतरचा प्रसंग त्या मानाने कमी सांगितला जातो. फाळक्यांनी एक लहानसे यंत्र आणि काही रिळे मिळवली, आणि रात्री घरी मेणबत्तीचा प्रकाश भिंगातून टाकून ती चित्रे भिंतीवर पाडण्यास सुरुवात केली. दिवसा चित्रपटगृहात चार-पाच तास आणि रात्री घरच्या भिंतीवर, असा क्रम चालू झाला.

मेणबत्तीवर सिनेमा? प्रथम वाचले तेव्हा मला ही चरित्रकारांची अलंकारिक भर वाटली. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत प्रयोग करून पाहिला. बुटांचे रिकामे खोके, दहा सेंटिमीटर नाभीय अंतराचे वाचनाचे भिंग, एक जाड मेणबत्ती आणि पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर काळ्या पेनाने काढलेले चित्र, एवढेच साहित्य. चित्राचा आकार मुद्दाम जुन्या फितीच्या चौकटीएवढा ठेवला: सुमारे २४ मिलिमीटर रुंद, १८ मिलिमीटर उंच. भिंत भिंगापासून एक मीटरवर.

गणित शाळेतलेच आहे. भिंत १०० सेंटिमीटरवर असेल, तर चित्र भिंगामागे सुमारे ११ सेंटिमीटरवर ठेवावे लागते. मग भिंतीवरची प्रतिमा नऊपट मोठी होते, म्हणजे साधारण वहीच्या एका पानाएवढी. पण नऊपट रुंदी आणि नऊपट उंची म्हणजे ८१ पट क्षेत्रफळ. एका लहानशा चौकटीतून आलेला प्रकाश ८१ चौकटींएवढ्या जागेवर पसरतो. भिंत आणखी लांब नेली की प्रतिमा मोठी होते आणि तितकीच फिकी पडते. पहिल्या प्रयत्नात माझ्या भिंतीवर मधोमध एक पिवळट डाग तेवढा उजळला. चित्राच्या कडा अंधारातच राहिल्या. ज्योतीपासून निघालेले किरण फाकत जातात, आणि चौकटीच्या कडेतून गेलेले किरण भिंगात न शिरता खोक्याच्या आतल्या बाजूवर आदळतात. चौकटीमागे बटर पेपर लावला तेव्हा कडा दिसू लागल्या, परंतु सगळे चित्र चांदण्यापेक्षाही मंद झाले. शेवटी ज्योत आणि चौकट यांच्यामध्ये पाण्याने भरलेला काचेचा गोल चंबू ठेवला. फाकणारे किरण त्याने गोळा केले, आणि प्रथमच संपूर्ण चित्र ओळखू येण्याइतके दिसले. उलटे, अर्थात. शिवाय खोक्याचे झाकणही एका कोपऱ्यात काळे पडले होते.

यातून दोन गोष्टी पटल्या. एक, मेणबत्तीवर चित्र पाडता येते. ती कथा अशक्य नाही. दुसरी, ते चित्र पाहण्यासाठी अंधारात भिंतीच्या अगदी जवळ बसून डोळे ताणावे लागतात. अर्ध्या तासात माझे डोळे चुरचुरू लागले. फाळके हे कित्येक महिने करत होते.

पडद्यावर प्रकाशाने चित्र पाडण्याची कल्पना त्या काळी नवी मुळीच नव्हती. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याने १६५९ साली अशा कंदिलासाठी स्वतःचेच मस्तक काढून हातात घेणाऱ्या सांगाड्याची चित्रे रेखाटली होती. पुढे त्याला या 'पोरखेळा'ची इतकी लाज वाटू लागली की, वडिलांनी मागितलेला कंदील धड चालू नये यासाठी त्याने भावाला गळ घातली! आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' या नावाने कंदिलाचे खेळ सुरू केले. शांबरी म्हणजे शंबरासुराची मायावी विद्या. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, एकाहून अधिक कंदील वापरून साधलेली हालचाल आणि जोडीला निवेदन, असा तो प्रयोग असे. फाळके तर स्वतः छायाचित्रकार, मुद्रक आणि 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग करणारे. भिंग आणि काच यांच्याशी त्यांचा जुना परिचय होता.

पण कंदिलाची काच आणि सिनेमाची फीत यांत एक मोठा फरक आहे. कंदिलासाठी प्रचलित असलेल्या काचेवरील चित्र सुमारे तीन इंच चौरस असे. फितीची चौकट एक इंच रुंद आणि पाऊण इंच उंच. क्षेत्रफळात बारापट अंतर. तेवढ्याच आकाराची प्रतिमा पाडायची तर फितीला कितीतरी प्रखर प्रकाश लागतो. म्हणून चित्रपटगृहांत कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी सतत पेटती ठेवणारे दिवे आले. आणि येथेच मेणबत्तीचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

त्या काळची फीत नायट्रोसेल्युलोजची असे. हा पदार्थ अत्यंत ज्वालाग्राही. जळताना स्वतःच प्राणवायू पुरवत असल्यामुळे तो पाण्याखालीही विझत नाही. ४ मे १८९७ रोजी पॅरिसमधील एका धर्मादाय बाजारात सिनेमायंत्राच्या ईथरच्या दिव्यापासून आग लागली आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कार्बनच्या दिव्यासमोर नायट्रेटची चौकट काही क्षण जरी अडकली, तरी ती पेट घेई. म्हणजे चित्रपटगृहात फीत थांबवणे शक्यच नव्हते. सेकंदाला सुमारे १६ चौकटी या गतीने ती धावलीच पाहिजे. प्रेक्षकाने कितीही एकाग्रतेने पाहिले तरी त्याला दिसणार ती हालचाल. हालचालीची घडण त्याच्या हाती लागणे कठीण.

घरच्या यंत्रापुढे मात्र मेणबत्ती होती. दुबळी, पिवळी, भिंतीवर जेमतेम उजेड पाडणारी. ती पुरेशी दूर ठेवली तर चौकट थांबवता येते. एक चौकट पाहावी, फीत बोटाने पुढे सरकवावी, दुसरी पाहावी. पाऊल केव्हा उचलले, हात किती सरकला, दृश्य नेमके कोठे तुटले आणि दुसरे कोठे जोडले, हे सगळे मोजता येते. फाळक्यांनी रात्री नेमके हेच केले असे मी म्हणणार नाही. हा माझा तर्क आहे. पण ज्याला सिनेमा पाहायचा होता त्याच्यासाठी गिरगावात चित्रपटगृहे होतीच. मुंबईतील उत्तमोत्तम पडदे दिवसा पाहून आलेला माणूस रात्री वहीच्या पानाएवढ्या अंधूक चित्रासमोर का बसेल? मनोरंजनासाठी खचित नव्हे. यंत्र उलगडून पाहणे हाच हेतू असला पाहिजे.

(धोका मेणबत्तीतही होताच, हे विसरू नये. नायट्रेटची रिळे, उघडी ज्योत आणि घरात लहान मुले. आज कोणी असे करील, तर शेजारी अग्निशमन दलाला बोलावतील.)

या अभ्यासाची किंमत त्यांनी डोळ्यांनी मोजली. रात्रंदिवस ताण, अपुरी झोप, आणि एके दिवशी दृष्टीच गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार निरनिराळ्या चष्म्यांच्या साहाय्याने ती परत आली. दृष्टी आली नसती तर? इतिहासाच्या विद्यार्थ्याने असा प्रश्न विचारू नये असे आम्हाला शिकवतात. तरीही त्या घरात सरस्वतीबाईंनी तो नक्कीच विचारला असेल. पती बेकार, मुले लहान, घरातील वस्तू एकेक करून विकल्या जात असलेल्या, आणि ज्या छंदापायी हे चालले आहे त्याच छंदाने डोळे गेलेले. पुढे याच सरस्वतीबाईंनी कच्च्या फितीला काठाची छिद्रे पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम अंगावर घेतले. आपल्या इतिहासलेखनात त्यांच्या वाट्याला बहुधा 'साथ दिली' एवढे दोन शब्द येतात. ते अपुरे आहेत.

चौकटीचौकटीने विचार करण्याचे फळ लंडनहून परतल्यावर दिसले. भांडवलदारांची खात्री पटवण्यासाठी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोप उगवताना टिपले. अंकुर फुटून वेल वर चढतो हे दृश्य पडद्यावर सुमारे एक मिनिटात घडे. 'अंकुराची वाढ' म्हणून ओळखला जाणारा हा लघुपट म्हणजे काळ हातात धरून दुमडण्याचा प्रकार होता.

या लघुपटाविषयी एक विधान सर्वत्र आढळते: महिनाभराहून अधिक काळ रोज एक चौकट टिपली आणि मिनिटभराचा चित्रपट झाला. आता आपण गणित शिकलोच आहोत, तर करून पाहू. सेकंदाला १६ चौकटी धरल्या, तर एका मिनिटाला ९६० लागतात. रोज एक या हिशेबाने महिनाभरात ३० जमतील, म्हणजे जेमतेम दोन सेकंद. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. एक तर दिवसाला तीसेक चौकटी टिपल्या असतील, किंवा चित्रपट फारच छोटा असेल. मला पहिला पर्याय अधिक संभवनीय वाटतो. 'रोज एक' हे पुढे सांगण्याच्या ओघात सोपे झालेले वाक्य असावे. पुस्तकांतून पुस्तकांत उतरलेली अशी वाक्ये कधीतरी पेन्सिल घेऊन तपासावीत. मेणबत्तीचेही मी तेच केले. फरक इतकाच की तेथे कथा टिकली.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारून पाहा: लहानपणी बल्बचा सिनेमा केला होता का? पुष्कळांचे चेहरे उजळतील. उडालेल्या बल्बच्या टोपीतली काळी लाख फोडायची, आतली काचेची दांडी अलगद काढायची, आणि बल्ब पाण्याने भरायचा. हेच भिंग. पाण्याने भरलेल्या गोलाचे नाभीय अंतर त्याच्या केंद्रापासून मोजले तर त्याच्या व्यासाएवढेच भरते, त्यामुळे सहा सेंटिमीटरच्या बल्बला सहा सेंटिमीटरचे भिंग समजावे. चित्रपटगृहाच्या मागे पडलेले फितीचे तुकडे गोळा करायचे. एकाने अंगणात आरसा धरून उन्हाचा झोत दाराच्या फटीतून आत सोडायचा, दुसऱ्याने त्या झोतात फीत आणि बल्ब धरायचा, आणि समोर आजोबांचे धोतर. नायट्रेटची फीत १९५० च्या दशकात मागे पडली होती, म्हणून ही पोरे सुखरूप राहिली. दिवा मात्र फाळक्यांहून कितीतरी श्रीमंत: पाच सेंटिमीटरवरच्या मेणबत्तीचा उजेड सुमारे ४०० लक्स भरतो, तर दुपारच्या उन्हाचा जवळजवळ एक लाख. अडीचशेपट! आणि फितीचा तुकडा चार-सहा चौकटींचाच असल्यामुळे हा सिनेमा थांबलेलाच असे. नायक एक हात वर करून उभा, तो उभाच.

करून पाहायचे असेल, तर मेणबत्तीऐवजी मोबाइलची टॉर्च घ्या आणि फितीऐवजी प्लास्टिकच्या तुकड्यावर स्वतः चित्र काढा. बल्ब फोडण्याच्या भानगडीत पडू नका. वाचनाचे साधे भिंग पुरते. टॉर्च आणि चित्र यांच्यामध्ये पाण्याने भरलेली गोल बाटली ठेवली तर कडाही उजळतील. खोली पूर्ण अंधारी हवी. भिंग पुढेमागे सरकवत राहा, एका ठिकाणी रेषा एकदम स्पष्ट होतात. चित्र उलटे दिसले की पट्टी उलटी लावा.