एक्सप्लेनर: धडा मोबाईलवर आला, पण तो सगळ्या मुलांना वापरता येतो का?

पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की मोबाईलवर व्हिडिओ, ऑडिओ किंवा प्रश्नमंजूषा उघडते. महाराष्ट्रातल्या पालकांना हे आता नवीन राहिलेलं नाही. पण जे उघडतं ते अंध, कर्णबधिर किंवा कमी दिसणाऱ्या मुलाला वापरता येतं का? धडा तयार करताना घेतलेल्या काही छोट्या निर्णयांवर याचं उत्तर अवलंबून असतं.

क्यूआर कोडचा धडा आला कुठून?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की कवितेचा ऑडिओ, व्हिडिओ किंवा स्वाध्याय मिळायचा. २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या ९ शिक्षकांना वाटून देण्याचं जाहीर केलं.

केंद्र सरकारचा 'दीक्षा' हा मंच सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. राज्यभरातल्या पाठ्यपुस्तकांवरही क्यूआर कोड आले.

'डिजिटल' आणि 'सुलभ' यात फरक काय?

पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून पीडीएफ केली, तर धडा डिजिटल झाला. पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते निव्वळ चित्र असतं. त्यातली अक्षरं मोठी करून नीट मांडता येत नाहीत आणि मोठ्याने वाचूनही घेता येत नाहीत.

सुलभ साहित्य म्हणजे एकच आशय वेगवेगळ्या मार्गांनी मिळणं: पाहून, ऐकून, वाचून किंवा बोटांनी स्पर्श करून. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं मानली आहेत. याच कायद्याच्या कलम ४२ नुसार ऑडिओ, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला आशय सुलभ स्वरूपात मिळावा यासाठी पावलं उचलणं ही सरकारची जबाबदारी आहे.

मराठी मजकुरात नेमकी अडचण कुठे येते?

स्क्रीन रीडर हे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे. कॉम्प्युटरसाठी 'एनव्हीडीए' मोफत मिळतं, तर अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक'ची सोय असते.

कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. प्रत्यक्षात फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा आकार देतो. स्क्रीन रीडर आकार पाहत नाही, साठवलेली अक्षरं वाचतो. त्यामुळे मुलाला ऐकू येतात ती निरर्थक इंग्रजी अक्षरं.

उपाय सोपा आहे: मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुनी फाइल असेल तर फॉन्ट कन्व्हर्टरने बदलून घ्या आणि एकदा वाचून तपासा, कारण जोडाक्षरं आणि रफार अनेकदा बिघडतात.

सुलभ धडा कसा तयार करायचा?

समजा, हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेव इथल्या शाळेला संत नामदेवांवर डिजिटल धडा करायचा आहे. हे गाव परंपरेने नामदेवांचं जन्मस्थान मानलं जातं. पंजाबातल्या घुमानशी त्यांचं नातं आहे आणि गुरु ग्रंथ साहिबमध्ये त्यांच्या ६१ रचना आहेत.

- शीर्षकं: अक्षरं नुसती ठळक करू नका, 'हेडिंग' स्टाइल वापरा. स्क्रीन रीडर वापरणारं मूल एका शीर्षकावरून थेट दुसऱ्यावर जाऊ शकतं.
- चित्राचं वर्णन: 'नकाशा' एवढं लिहून भागत नाही. 'भारताचा नकाशा, महाराष्ट्रातलं नरसी आणि पंढरपूर, पंजाबातलं घुमान ठळक दाखवलं आहे' असं लिहा.
- व्हिडिओ: मराठी सबटायटल द्या. शक्य असेल तिथे भारतीय सांकेतिक भाषेतला अनुवाद जोडा. 'इथून इकडे गेले' असं न म्हणता गावांची नावं घ्या.
- रंग: अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा, असं वेबसाठीचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. फिकट पिवळ्यावर पांढरी अक्षरं टाळा. बरोबर-चूक फक्त हिरव्या-लाल रंगाने दाखवू नका, शब्दांतही लिहा.
- आकार: नेटवर्क कमी असेल तिथे मोठा व्हिडिओ अडतो. सोबत ऑडिओ आणि मजकूर द्या, डाउनलोडची सोय ठेवा.

'इंटरॲक्टिव्ह' म्हणजे ॲनिमेशन का?

नाही. मुलाने काहीतरी करावं आणि धड्याने त्याला प्रतिसाद द्यावा, एवढाच त्याचा अर्थ. 'घुमान कोणत्या राज्यात आहे?' या प्रश्नाला 'राजस्थान' निवडलं, तर नुसतं 'चूक' म्हणण्यापेक्षा 'नकाशात राजस्थानच्या उत्तरेला पाहा' हा इशारा जास्त शिकवतो.

चित्र ओढून जागेवर नेण्याचे खेळ आकर्षक असतात, पण स्क्रीन रीडरवर किंवा हाताच्या हालचाली मर्यादित असलेल्या मुलाला ते अनेकदा जमत नाहीत. त्याला पर्याय म्हणून निवडीचा प्रश्न ठेवा. उत्तरासाठी वेळेची मर्यादा शक्यतो नको.

कॉपीराइट आडवा येतो का?

२०१२ मधल्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायदा दिव्यांग व्यक्तींसाठी सुलभ प्रत तयार करायला परवानगी देतो. मात्र त्यात नफा कमावता येत नाही आणि प्रत सरसकट सगळ्यांना वाटता येत नाही.

तयार झालेला धडा तपासायचा कसा?

फोनच्या सेटिंगमधल्या 'ॲक्सेसिबिलिटी'त जाऊन टॉकबॅक सुरू करा. एकदा टॅप केल्यावर तो मजकूर वाचतो, दोनदा टॅप केल्यावर बटण दाबलं जातं. आता डोळे मिटून धडा सुरुवातीपासून प्रश्नमंजूषेपर्यंत करून पाहा. मग आवाज पूर्ण बंद करून तोच धडा पुन्हा पाहा.

जिथे तुम्ही अडाल, तिथे मूलही अडणार. फरक इतकाच की तुम्ही डोळे उघडू शकता. म्हणून शेवटची चाचणी स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या विद्यार्थ्याकडूनच करून घ्या आणि तो जे सांगेल ते दुरुस्त केल्यावरच क्यूआर कोड छापा.