क्रॅश डम्पची साठवण : छापील कागदापासून यजमान सर्व्हरपर्यंत

प्रस्तावना

इतिहासात जे साधन टिकते, त्यावरूनच घटनेचा अर्थ लावावा लागतो. संगणक कोसळण्याच्या घटनेलाही हे सूत्र लागू पडते. संगणक पुन्हा सुरू केला की मेमरीतील पूर्वीची स्थिती नष्ट होते. म्हणून कोसळण्याच्या क्षणीच तिची प्रत काढून ठेवतात. या प्रतीस क्रॅश डम्प म्हणतात. ही प्रत कोठे ठेवावी आणि तिच्यात काय असावे, या दोन प्रश्नांची उत्तरे कशी बदलत गेली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कागद ते डिस्क

१९५३ साली एमआयटी येथील व्हर्लविंड संगणकात चुंबकीय कोअर मेमरी बसविण्यात आली. पुढे सुमारे दोन दशके हीच मेमरी रूढ होती. 'कोअर डम्प' हे नाव तिच्यावरूनच पडले. त्या काळी मेमरीतील मजकूर अंकरूपाने कागदावर छापून घेत व तज्ज्ञ तो वाचत. मेमरी वाढली तसा कागद अपुरा पडला. बीएसडी युनिक्समध्ये डम्प डिस्कवरील स्वॅप क्षेत्रात लिहिला जाई व पुन्हा सुरू होताना 'सेव्हकोअर' हा प्रोग्रॅम त्याची फाइल करून ठेवी. तत्पूर्वी स्वॅप क्षेत्र वापरात आले, तर पुरावा पुसला जाई. शिवाय डम्प लिहिण्याचे काम कोसळलेल्या कर्नलवरच सोपविलेले असे. २००५ साली लिनक्स कर्नलच्या २.६.१३ आवृत्तीत आलेल्या केडम्पने ही अडचण दूर केली. राखीव मेमरीत आधीच ठेवलेला दुसरा कर्नल आता पहिल्याचा पंचनामा करू लागला.

यजमान सर्व्हरचा पेच

एका यजमान सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालू लागली, तेव्हा प्रश्नाचे स्वरूप बदलले. यजमानाची बहुतांश मेमरी पाहुण्या यंत्रांच्या ताब्यात असते. ती सर्व उतरवावी तर डिस्क पुरत नाही, आणि इतरांची खाजगी माहितीही डम्पमध्ये येते. विंडोज सर्व्हर २०१६ मधील 'ॲक्टिव्ह मेमरी डम्प' या प्रकारात पाहुण्यांची पाने वगळण्याची सोय झाली.

व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय प्रणालीचा प्रवासही बोधप्रद आहे. तिच्या ५.० आवृत्तीत डम्पसाठी ११० एमबीचे विभाजन राखलेले असे. त्याच आवृत्तीबरोबर २०११ साली डम्प नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर पाठविणारा 'डम्प कलेक्टर' आला. २०१३ च्या ५.५ आवृत्तीत २.५ जीबीचे मोठे विभाजन देण्यात आले. २०२० च्या ७.० आवृत्तीत स्वतंत्र विभाजनाऐवजी डम्प ही सामायिक प्रणालीक्षेत्रातील एक फाइल झाली.

निष्कर्ष

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पुराव्याची जागा दुर्घटनेपूर्वीच राखावी लागते. नंतर ती निर्माण करता येत नाही. दुसरे म्हणजे, काय वगळायचे हा निर्णय केवळ तांत्रिक नसतो. वगळलेल्या पानांतच दोषाचे मूळ असेल, तर तपास तेथेच थांबतो. सर्व पाने ठेवली, तर पाहुण्यांची गोपनीयता धोक्यात येते. परीक्षा, प्रवेश व ग्रंथालय यांच्या प्रणाली एकाच यजमानावर चालविणाऱ्या महाविद्यालयाने डम्प कोठे साठतो, किती काळ राहतो व कोणास वाचता येतो, हे लेखी ठरवून ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे. अभिलेखागाराला जी शिस्त लागते, तीच येथेही लागते.