लिबियन वाळवंटातली मोटार

इजिप्तमधल्या नाईलच्या पश्चिमेला, लिबियात खोलवर पसरलेल्या वाळवंटात मोटारगाड्या प्रथम शिरल्या त्या पहिल्या महायुद्धात. १९१५च्या अखेरीस सनुसी पंथाच्या लढवय्यांनी ब्रिटिशांविरुद्ध शस्त्र उचलले. उंटांवरून येणाऱ्या या शत्रूवर नजर ठेवण्यासाठी ब्रिटिश सैन्याने फोर्ड मॉडेल टी गाड्यांची गस्ती पथके उभारली. बारीक चाकांच्या, वजनाने हलक्या या गाड्या कोणाच्याही अपेक्षेपेक्षा दूरवर गेल्या. पथकांतल्या माणसांनी वाळवंटाचे नकाशे काढले आणि इंजिनाचे पाणी वाचवण्याच्या युक्त्याही शोधल्या. युद्ध संपले, पथके मोडली आणि हे ज्ञान बहुतांशी कागदपत्रांत पडून राहिले.

ते पुन्हा उजेडात आणले ते सुट्टीच्या दिवसांत हौसेने भटकणाऱ्यांनी. राल्फ बॅगनोल्ड हा ब्रिटिश सैन्याच्या संदेश विभागातला अधिकारी १९२६ साली इजिप्तमध्ये आला. त्याने काही सहकारी जमवले. ही मंडळी स्वतःच्या खर्चाने फोर्ड गाड्या घेऊन आधी सिनाईत, मग सिवा मरूद्यानाकडे आणि अखेरीस ‘ग्रेट सँड सी’ या वालुकासागरात उतरली. सरकारी मोहिमेचा थाट त्यांच्याकडे नव्हता. पैसा थोडा आणि रजा मोजकी असल्याने त्यांना प्रत्येक अडचणीवर स्वस्त तोड काढावी लागली, आणि टिकून राहिली ती हीच तोड.

पहिली अडचण दिशेची होती. गाडीच्या लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्राची सुई भरकटते आणि दर थोड्या अंतराने उतरून, गाडीपासून लांब जाऊन दिशा बघणे परवडत नाही. बॅगनोल्डने सूर्यहोकायंत्र सुधारले. अंशांच्या खुणा असलेली गोल तबकडी, तिच्या मध्यावर उभी सुई. सुईची सावली वेळेनुसार ठरलेल्या खुणेवर ठेवत गाडी हाकायची. दुसरी अडचण पाण्याची. उकळत्या रेडिएटरमधली वाफ वाया जाऊ नये म्हणून ती नळीने एका डब्यातल्या पाण्यात सोडत. तिथे तिचे पाणी होई, आणि इंजिन निवले की ते पाणी आपोआप रेडिएटरमध्ये परत ओढले जाई. तिसरी अडचण रुतण्याची. कैरोतल्या भंगारवाल्याकडे बॅगनोल्डला युद्धातल्या खंदकांच्या छपरासाठी बनवलेले पोलादी पन्हळ सापडले. रुतलेल्या चाकापुढे वाळू उकरून हे पन्हळ घातले की गाडी त्यांवरून पुढे सरके. आज नवशिक्यांच्या गाड्यांवर बांधलेल्या पट्ट्यांचे पूर्वज ते हेच.

या मंडळींचा सर्वांत मोठा शोध मात्र कोणत्याही यंत्रात नव्हता. शंभर मीटरच्या आसपास उंचीच्या वाळूच्या टेकड्या गाडीला ओलांडता येणार नाहीत, अशीच सर्वांची समजूत होती. बॅगनोल्डने एका टेकडीवर गाडी भरधाव सोडली आणि ती अडखळत वर चढण्याऐवजी तरंगत गेल्यासारखी माथ्यावर पोहोचली. वाऱ्याकडच्या उतारावर उडत्या कणांच्या माऱ्याने वाळू घट्ट बसते. माथ्यापलीकडच्या उतारावर ती नुसती ओघळून पडलेली असते, म्हणून तिथे ती भुसभुशीत आणि उतारही तीव्र, सुमारे ३३ अंशांचा. चढावर वेग हवा आणि माथ्यावर तो आवरता यायला हवा, हे शिक्षण तिथूनच आले. चाकांतली हवा कमी केल्यावर टायर पसरतो आणि भार जास्त जागेवर वाटला जातो; वाळूत अशी हवा कमी करणेही या मंडळींच्या नित्याचे झाले. वाळू अशी का वागते, या प्रश्नाने बॅगनोल्डला पुढे प्रयोगशाळेत नेले. उडत्या वाळूच्या भौतिकीवरचा त्याचा ग्रंथ १९४१ साली निघाला. मंगळावरच्या वाळूचा अभ्यास करणाऱ्यांनीही त्याचा आधार घेतला.

जून १९४०मध्ये इटली दुसऱ्या महायुद्धात उतरली. योगायोगाने बॅगनोल्ड तेव्हा इजिप्तमध्येच होता: केनियाकडे निघालेल्या त्याच्या जहाजाला भूमध्य समुद्रात अपघात झाल्याने त्याला तिथे उतरावे लागले होते. सेनापती वेव्हेलने त्याला वाळवंटात फिरणारे दल उभारायला सहा आठवड्यांची मुदत दिली आणि ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ उभा राहिला. पहिले स्वयंसेवक न्यूझीलंडचे. त्यांच्यातल्या बहुतेकांनी वाळवंट पाहिलेलेही नव्हते, पण काही आठवड्यांत ते शत्रूच्या पिछाडीला शेकडो मैल फिरू लागले. १९४१च्या अखेरीस हिंदी सैनिकांचीही एक स्वतंत्र तुकडी याच कामासाठी तयार झाली.

गाड्यांविषयीची एक नोंद इथे महत्त्वाची आहे. या दलाचे शेव्हरले ट्रक दोन चाकांनी ओढणारे होते. १९४१मध्ये चारही चाकांना जोर देणारे फोर्ड ट्रक आले, पण ते पेट्रोल फार पीत. वाटेत कुठेही पेट्रोल मिळण्याची सोय नसलेल्या दलाला हा दोष भारी पडला. १९४२ साली पुन्हा शेव्हरले, तेही दोनच चाकांना जोर देणारे, घेतले गेले. चारही चाकांची ओढ या वाळवंटात खरी उपयोगी ठरली ती त्याच वर्षी आलेल्या हलक्या जीपमुळे. हीच विलीज जीप युद्धानंतर नागरी वापरात गेली, आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जुळणी सुरू केली.

आज वाळूत पहिल्यांदा उतरणाऱ्याच्या हाती बॅगनोल्डच्या गाडीपेक्षा कितीतरी ताकदवान गाडी असते, आणि तरीही तो रुततो. कारण चारही चाके जागच्या जागी फिरू लागली तर सैल वाळूत गाडी स्वतःलाच पुरून घेते. अशा वेळी कामाला येतात ते फावडे, चाकाखालची पट्टी आणि जोडीची दुसरी गाडी. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात मात्र आता नुसत्या कौशल्यावर भागत नाही. एल अलामेनच्या परिसरात युद्धातले सुरुंग अजूनही जमिनीत आहेत, आणि आतल्या भागात गाडी नेण्यासाठी सरकारी परवानगी लागते.